गाजर गवत आपल्या सप्ताहाची वाट पाहत नाही: कृषिमंत्र्यांना खुले पत्र

माननीय कृषिमंत्री महोदय,

स. न. वि. वि.

दरवर्षी १६ ते २२ ऑगस्टला गाजर गवत जागृती सप्ताह होतो. शाळेची पोरं फलक घेऊन फेरी काढतात, ग्रामपंचायतीसमोर दहा-वीस झाडं उपटली जातात, फोटो निघतो. त्या फोटोतली झाडं एकदा निरखून बघा. ती पांढऱ्या फुलांनी भरलेली असतात. खालच्या फुलांचं बी तोवर पिकून गळायलाही लागलेलं असतं, आणि मुळाची माती झटकताना उरलेलं तिथंच पडतं. आम्ही शेतकरी याला पेरणी म्हणतो.

ही तारीख जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयाची, देशभरासाठी एकच. उत्तरेत पाऊस पोचेपर्यंत जून सरतो, तिथं ती त्यातल्या त्यात चालत असेल. आमच्या शिरूर तालुक्यात जूनच्या मध्याला जमीन भिजली, तर आठवड्याभरात बांधावर गाजर गवताची हिरवी साय येते. उगवल्यापासून चार ते सहा आठवड्यांत फूल. म्हणजे जुलै संपता संपता ते फुलोऱ्यात, आणि आपण येणार स्वातंत्र्यदिनाचे लाडू खाऊन.

या बियाला ऋतूपेक्षा ओल महत्त्वाची. साधारण १० अंशांपासून ३० अंशांपर्यंत ते उगवतं, विशीच्या पुढच्या चार-पाच अंशांत सगळ्यात जोमानं. आपल्याकडे वर्षातले बहुतेक महिने याच पट्ट्यात बसतात, त्यामुळे त्याला अडवते ती फक्त कोरडी माती. बियाच्या टरफलात पार्थेनिन नावाचं उगवण रोखणारं द्रव्य असतं, ते पाण्यानं धुऊन निघतं. म्हणून वळवाची एखादी भुरभुर पडली तरी सगळं बी एकदम फसत नाही, आणि भिज पाऊस झाला की मुसंडी मारतं. पाटाचं पाणी आलं तर जानेवारीतही तेच. वर्षाला तीन-चार पिढ्या निघतात त्या अशा. एका झाडाला पंधरा ते पंचवीस हजार बिया धरतात, हे धरून हिशोब आपणच करा.

दुसरी गोष्ट खोलीची. बी वरच्या सेंटिमीटरभर थरात असेल तर भराभर उगवतं. पाच सेंटिमीटरांखाली गेलं की वर येत नाही. पण मरतही नाही! उघड्यावर पडलेलं बी काही महिन्यांत संपतं, गाडलेलं मात्र वर्षानुवर्षं जिवंत राहतं. तेव्हा बी गळल्यावर खोल नांगरट करा, हा सल्ला म्हणजे बियाणं कोठारात ठेवणं. पुढच्या नांगरटीला ते परत वर. आमच्या वस्तीच्या रस्त्याला मुरूम पडला, त्या पावसाळ्यात दोन्ही कडांना गाजर गवताच्या रांगा उभ्या राहिल्या. आधी तिथं कुसळीशिवाय काही नव्हतं. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये याच तणासाठी गाड्या आणि यंत्रं धुण्याची ठिकाणं केली आहेत. आपल्याकडे जेसीबी एका गावातून निघतो तो चिखलासकट दुसऱ्या गावात.

हे गवत अमेरिकेशी झालेल्या पी. एल. ४८० या धान्यमदतीच्या करारातल्या गव्हातून आलं असं सगळे सांगतात. तो करार १९५६च्या ऑगस्टमधला, आणि पुण्यात ते १९५५ सालीच दिसलं होतं. काँग्रेस गवत या नावावरून भांडणंही पुष्कळ झाली. ज्याच्या अंगाला खाज सुटते आणि ज्याच्या म्हशीचं दूध कडू होतं, त्याला त्या वादात रस नाही.

मेक्सिकन भुंगे १९८४च्या सुमारास देशात आणले, ते या गवताची पानं खातातही. पण कोरड्या दिवसांत ते मातीत दडून बसतात आणि पावसानंतर बाहेर येतात. त्यांची संख्या वाढेपर्यंत पहिलं पीक फुलून गेलेलं असतं. म्हणून हातानं उपटण्याला पर्याय नाही, आणि ते जमीन ओली असताना, कळी दिसण्याआधी, हातमोजे घालून. सध्या रस्त्याकडेला कटर फिरवतात. बुडखा राहतो, तो फुटतो आणि वीतभर उंचीवरच फुलतो.

माझं मागणं मोठ्या निधीचं नाही. राज्यापुरती मोहिमेची तारीख बदला. तालुक्याच्या पर्जन्यमापकावर पहिला भिज पाऊस नोंदला गेला की तिथून तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात उपटणी, आणि रब्बीचं पाणी सुटल्यावर पाटाच्या कडेनं दुसरी फेरी. रोजगार हमीची मजुरी त्याच दिवसांत द्या. मुरूम आणि शेणखत कुठून उचललं, तिथं गाजर गवत होतं का, हे कामाच्या कागदावर लिहायला लावा. मोकळ्या झालेल्या जागी टाकळ्याचं बी टाका. तो दाटीनं वाढतो आणि पावसाळ्यात त्याची भाजीही होते, विदर्भातल्या मंडळींना तरोटा म्हणून ती ठाऊकच आहे.

यंदाचं परिपत्रक निघायचं असेल तर ते मे महिन्यात निघावं. जुलैत निघालं तर गावात पोचेपर्यंत पुन्हा ऑगस्टच उजाडतो.

आपला,
शिरूर तालुक्यातला एक शेतकरी