पाण्याखाली जाण्याआधी

ती. आई-बाबांना सा. नमस्कार,

होकार कळवून झालाय, म्हणून फोनऐवजी पत्र. पुढच्या महिन्यात पाणबुडीच्या चाचणीला मीही आत असेन. पाइपांचे सांधे तपासणाऱ्यांपैकी कुणीतरी जायलाच हवं.

बाबा, तुम्ही ‘थ्रेशर’ या अमेरिकन पाणबुडीबद्दल वाचून आईला सांगितलं नाहीत ना? मग मीच सांगते. १० एप्रिल १९६३ला केप कॉडच्या पूर्वेला, खोल बुडीच्या चाचणीत ती १२९ जणांसह गेली. त्यातले १७ माझ्यासारखेच, नौदलाबाहेरचे. बहुधा इंजिन रूममधल्या खाऱ्या पाण्याच्या पाइपाचा, सिल्व्हर ब्रेझिंगने, म्हणजे चांदीमिश्रित धातू वितळवून जोडलेला सांधा सुटला. फवारा विजेच्या पॅनेलवर उडाला, अणुभट्टी बंद पडली. टाक्यांमधलं पाणी दाबाच्या हवेने बाहेर ढकललं की पाणबुडी वर येते, पण सुटणारी हवा एकदम गार होते. आई, बाबांच्या गुडघ्यावर स्प्रे मारताना कसं गार लागतं, तसंच. त्या हवेतल्या ओलाव्याचा बर्फ झाला आणि व्हॉल्व्हच्या जाळ्या तुंबल्या. पुढे ‘टिनोसा’ या तशाच पाणबुडीवर धक्क्यालाच करून पाहिलं, तिथेही तुंबल्या. मला सगळ्यात लागतं ते हे: आधीच्या दुरुस्तीत १४५ सांधे अल्ट्रासाउंडने तपासले, त्यात सुमारे १४ टक्के कमी भरले, तरी बाकीचे तपासायचे राहून गेले.

त्याच वर्षी ‘सबसेफ’ आलं, अमेरिकन नौदलाची पाणबुड्यांच्या सुरक्षिततेची पद्धत. समुद्राचा दाब झेलणाऱ्या प्रत्येक भागाचा धातू कुठला, काम कुणी केलं, चाचणीत काय निघालं, हे सगळं कागदावर लागतं. एक नोंद नसली तर सांधा पुन्हा उघडायचा. १९६८मध्ये ‘स्कॉर्पियन’ पाणबुडी ९९ जणांसह गेली, हे लपवत नाही. तिला ‘सबसेफ’चं प्रमाणपत्र मिळालेलं नव्हतं. प्रमाणपत्र असलेली एकही बुडालेली नाही. २००५मध्ये ‘सॅन फ्रान्सिस्को’ नावाची पाणबुडी पाण्याखालच्या डोंगरावर आदळली, एक खलाशी गेला, पण ती वर आली आणि आपल्या पायांनी ग्वाम बेटाला पोचली.

आत जेवण गरम असतं, झोपायला बंक आहे, थंडी वाजत नाही. स्वेटर घेतलाय गं आई.

विहिरीत उतरवण्याआधी बाबा माझ्या पाठीवरच्या डब्याची गाठ तीनदा ओढून बघायचे. मी दिवसभर तेच करते.

त्या दिवसांत माझा फोन लागणार नाही, सारखा लावत बसू नका. बाबा, बीपीची गोळी नाश्त्यानंतर, विसरलात तर रात्री दोन घ्यायच्या नाहीत. आई, माळ्यावर चढायचं नाही, डबे शेजारच्या काकू काढून देतील. आणि हे पत्र दोघांनी एकत्र बसून वाचा.

तुमची,
बेबी