लँडलाइन-इंटरनेटची कंपनी बदलताना जुनी जोडणी आधी तोडू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पुण्यात तांब्याच्या तारेवरची लँडलाइन मागे पडते आहे आणि घरोघरी फायबर, म्हणजे काचेच्या तंतूची केबल, येते आहे. कंपनी बदलण्यात गैर काही नाही. पण कोथरूड, सहकारनगर, औंध अशा भागांत कितीतरी घरांत ज्येष्ठ दांपत्यच राहते, मुले परदेशी असतात आणि एकच जुना फोन नंबर साऱ्या गोतावळ्याच्या डायरीत असतो. अशा घरातला फोन आणि इंटरनेट एकाच वेळी चार-आठ दिवस बंद पडले, की दोन्हीकडच्यांचा जीव टांगणीला लागतो. थोडे नियोजन केले तर हे पूर्ण टाळता येते, म्हणून हा पत्रप्रपंच.

सर्वांत मोठा गैरसमज नंबराबद्दल आहे. मोबाइलचा नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय देशभर २०११पासून आहे. लँडलाइनला ती नाही. ०२० नंतरचा आठ आकडी नंबर ज्या कंपनीचा, तिच्याकडेच राहतो. त्यामुळे नंबर जपायचा असेल तर आधी सध्याच्याच कंपनीला विचारावे, की याच नंबरसकट फायबर देता का? बीएसएनएलच्या तांब्याच्या लाइनवरून तिच्याच फायबरवर जाताना जुना नंबर कायम ठेवता येतो. मात्र अर्ज ‘जुन्या लाइनचे रूपांतर’ म्हणून गेला पाहिजे. ‘नवीन जोडणी’ म्हणून भरला गेला की नवा नंबर हातात पडतो आणि मग हेलपाटे सुरू होतात. अर्जाची प्रत घेतल्याशिवाय काउंटर सोडू नये.

दुसऱ्या कंपनीकडे जायचेच असेल, तर जुना नंबर कुठे कुठे नोंदवला आहे याची यादी आधी करावी: बँक, विमा, गॅस एजन्सी, डॉक्टर, सोसायटीचे रजिस्टर. चोर-घंटेचे किंवा लिफ्टमधले आपत्कालीन यंत्र त्या लाइनवर असेल, तर ते यादीत सर्वांत वर. नवा नंबर सगळीकडे पोहोचेपर्यंत जुनी लाइन सर्वांत कमी भाड्याच्या प्लॅनवर दोन महिने चालू ठेवावी आणि तिच्यावरचे फोन नव्या नंबरावर वळवण्याची सोय मागून घ्यावी. दोन महिन्यांचे भाडे जाते, पण फोन चुकत नाहीत.

इंटरनेटसाठी किमान पंधरा दिवस दोन्ही जोडण्या एकत्र चालाव्यात. जुन्या प्लॅनची मुदत संपण्याच्या तीन आठवडे आधी नवा अर्ज द्यावा. पावसाळ्यात महापालिका रस्ते खोदाईच्या परवानग्या थांबवते, त्यामुळे इमारतीत फायबर आलेलेच नसेल तर ‘दोन दिवसांत देतो’ या शब्दावर विसंबू नये. पेठांमध्ये गणेशोत्सवाच्या आगेमागेही हा बदल करू नये. मिरवणुकीच्या मार्गावरच्या लोंबत्या केबल त्या दिवसांत हलवाव्या लागतात आणि तुटतातही.

दर विचारताना १८ टक्के जीएसटी धरून विचारावा. ५९९चा प्लॅन हातात येईपर्यंत ७०६ रुपये ८२ पैशांचा होतो. सहा किंवा बारा महिन्यांचे आगाऊ पैसे भरण्याआधी, मध्येच सोडल्यास उरलेली रक्कम परत मिळेल का, हे लेखी घ्यावे. आणि एक प्रश्न फार कमी लोक विचारतात: फायबर थेट घरात बसवलेल्या कंपनीच्या डब्यापर्यंत (ज्यातून पुढे फोन आणि इंटरनेट निघते) येणार, की जिन्यातल्या किंवा गच्चीवरच्या नेटवर्क स्विचपासून (एक लाइन अनेक घरांत वाटणारे यंत्र) साधी तांब्याची लॅन केबल येणार? फरक वीज गेल्यावर कळतो. घरापर्यंत फायबर असेल तर वाटेतला स्प्लिटर, म्हणजे एक फायबर अनेक घरांत वाटणारा भाग, विजेशिवाय चालतो. जिन्यातल्या स्विचला मात्र वीज लागते. त्याला बॅकअप नसेल, तर तुमच्या घरात इन्व्हर्टर असूनही इंटरनेट बंद. पुण्यात महावितरणची देखभालीची कामे बहुधा गुरुवारी निघतात, त्या दिवशी याचा हमखास प्रत्यय येतो.

जोडणी करणारा तंत्रज्ञ येईल तेव्हा घरातल्या जाणत्या माणसाने जवळ उभे राहावे. भिंतीचे छिद्र आतून बाहेरच्या बाजूला किंचित उतरते पाडायला सांगावे आणि केबल आत घेण्यापूर्वी बाहेर तिला खाली झोळ द्यावा, म्हणजे पावसाचे पाणी केबलवरून ओघळत घरात येत नाही. फायबर काचेची असते आणि सिग्नल तिच्यातून प्रकाशाच्या रूपाने जातो. खिळ्यावर किंवा खिडकीच्या चौकटीत ती काटकोनात दाबली तर आज चालेल, पण प्रकाश गळत राहील. उरलेल्या केबलचे वेटोळे सहा सेंटीमीटरपेक्षा लहान नको. टोकाचा कनेक्टर हिरवा असेल तर समोरचाही हिरवाच हवा. हिरव्याला निळा जोडला की सिग्नल पडतो. शक्य असेल तिथे हाताने दाबून बसवलेल्या कनेक्टरपेक्षा मशीनने सांधलेला जोड मागावा. हाताने बसवलेले जोड पुढे सैल पडतात, आणि ‘संध्याकाळ झाली की नेट जातं’ या तक्रारीचे मूळ पुष्कळदा तिथेच सापडते.

मग फायबरमधला सिग्नल मोजणारे मीटर लावून दाखवायला सांगावे. घरात पोहोचणारा सिग्नल उणे १५ ते उणे २५ डीबीएमच्या (सिग्नलची ताकद मोजण्याचे एकक) दरम्यान असला की निश्चिंत. उणे २७च्या पलीकडे गेला की जोडणी चालू-बंद होत राहते. त्या आकड्याचा फोटो काढून ठेवावा. सहा महिन्यांनी तक्रार करायची वेळ आली तर ‘तेव्हा उणे २० होता, आता उणे २८ आहे’ या एका वाक्यासमोर कॉल सेंटरचे ‘राउटर बंद करून चालू करा’ टिकत नाही. डब्यावरचे दिवेही ओळखीचे करून घ्यावेत. फायबरचा सिग्नल मिळतो आहे हे सांगणारा पॉनचा (PON) हिरवा दिवा स्थिर हवा. सिग्नल हरवल्याचा, म्हणजे एलओएसचा (LOS), लाल दिवा लुकलुकत असेल तर फायबर कुठेतरी तुटली किंवा सुटली आहे. तेव्हा राउटरच्या सेटिंगला हात लावू नये, थेट तक्रार नोंदवावी. फोनचा दिवा बंद असेल तर इंटरनेट चालूनही लँडलाइन मुकी राहते, कारण फायबरवर फोन इंटरनेटमार्फत चालतो आणि त्याची नोंदणी कंपनीकडून वेगळी व्हावी लागते.

याच ठिकाणी एक खरा धोका आहे. नव्या डब्यातून निघणारी फोनची तार भिंतीतल्या जुन्या सॉकेटला जोडली तर आतल्या खोलीतला जोडफोनही चालतो, म्हणून ती तशी जोडली जाते. पण तांब्याच्या लाइनवर एक्स्चेंजकडून ४८ व्होल्टचा दाब येत असतो आणि घंटी वाजताना तो आणखी चढतो. ती बाहेरची तार घरातल्या वायरिंगपासून आधी सोडवली नाही, तर हा दाब नव्या डब्याच्या फोन पोर्टवर जातो आणि पोर्ट जळतो. जुनी लाइन काही काळ चालू ठेवणार असाल तर तिचा फोन वेगळा आणि नव्या डब्याचा फोन वेगळा, दोन्हींच्या तारा कुठेही एकत्र नकोत. चकती फिरवायचे जुने फोन बहुतेक नव्या डब्यांना कळत नाहीत. बटणांचा टोन-फोन घ्यावा.

त्या ४८ व्होल्टमुळेच जुना फोन वीज गेल्यावरही चालत असे. फायबरचा डबा घरच्या विजेवर चालतो. वीज गेली की फोन गेला. जिथे ज्येष्ठ एकटे राहतात तिथे मिनी यूपीएस, म्हणजे वीज गेल्यावर डबा चालू ठेवणारी छोटी बॅटरी, चैनीची वस्तू समजू नये. घेताना डबा आणि राउटर दोन्हींच्या ॲडॉप्टरवरचे आकडे वाचावेत. व्होल्ट तंतोतंत जुळले पाहिजेत, बहुधा १२ असतात, पण ९ किंवा ५ व्होल्टचे राउटरही आहेत. अँपिअर मात्र बेरजेने पुरले पाहिजेत: १ आणि १.५ असेल तर २.५ अँपिअर देणारा यूपीएस हवा. तसेच लँडलाइनवरून मोबाइलला फोन लावताना आधी शून्य लावावे लागते, हा नियम १५ जानेवारी २०२१पासून आहे. नव्या फोनमध्ये मुलांचे, डॉक्टरांचे नंबर साठवताना हे शून्य घालून साठवावे आणि आजी-आजोबांसमोर एकदा लावून पाहावे.

इंटरनेटची परीक्षा राउटरला लॅपटॉप केबलने जोडून, रात्री नऊ ते अकराच्या गर्दीच्या वेळी घ्यावी. अपलोडचा वेगही पाहावा, व्हिडिओ कॉल आणि ऑफिसचे व्हीपीएन (घरून ऑफिसच्या नेटवर्कला जोडणारी सोय) त्यावर अवलंबून असते. वेग ९०-९५ एमबीपीएसच्या वर जातच नसेल तर लॅन केबलच्या आठही तारा नीट जोडल्या आहेत का ते तपासावे. घरचा सीसीटीव्ही बाहेरून दिसेनासा झाला तर बहुधा नवी कंपनी अनेक ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) देत असते. तिथे स्टॅटिक आयपी, म्हणजे फक्त आपला असा कायमचा पत्ता, विकत घ्यावा किंवा कॅमेऱ्याच्या ॲपमधून पाहण्याची सोय वापरावी.

सगळे मनासारखे चालले की जुना राउटर बंद करून नव्याला जुन्याच वायफायचे नाव आणि पासवर्ड द्यावा, अक्षर न् अक्षर तेच. टीव्ही, प्रिंटर, मुलांचे फोन आपोआप जोडले जातात. जुनी उपकरणे जोडली गेली नाहीत तर राउटरच्या सेटिंगमध्ये वायफायच्या सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए २ (WPA2) ठेवून २.४ गिगाहर्ट्झचा वायफाय चालू आहे ना ते पाहावे.

त्यानंतरच जुनी जोडणी लेखी बंद करावी. परत दिलेल्या डब्याचा अनुक्रमांक लिहिलेली पोच घ्यावी, नाहीतर त्याची किंमत अनामतीतून कापली जाते. ऑटो-पे शेवटचे बिल चुकते झाल्यावर रद्द करावे. वाद झाला तर आधी तक्रारीचा डॉकेट क्रमांक, मग त्याच कंपनीच्या अपिलीय प्राधिकरणाकडे अपील, असा क्रम आहे आणि अपिलाला शुल्क नाही. ट्राय ही दूरसंचार नियामक संस्था एकट्या ग्राहकाची तक्रार स्वतः सोडवत नाही. ग्राहक आयोगाचे दार मात्र उघडे आहे; दूरसंचार कंपन्यांविरुद्धही तिथे जाता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२मध्ये स्पष्ट केले आहे.

नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची जी सोय मोबाइलला इतकी वर्षे आहे ती लँडलाइनला मिळावी, अशी ट्रायकडे आग्रहाची मागणी आहे. आता फोन फायबरवरून, इंटरनेटमार्फतच चालतो, तेव्हा नंबर एखाद्या एक्स्चेंजच्या तारेला बांधून ठेवण्याचे जुने कारण उरलेले नाही. आणि ती सोय होईपर्यंत प्रत्येक कंपनीने नव्या जोडणीच्या अर्जावर, सहीच्या वर, मराठीत ठळक छापावे: ‘आपला जुना लँडलाइन नंबर या जोडणीवर मिळणार नाही.’

— एक नेटवर्क तंत्रज्ञ, कर्वेनगर, पुणे