घरचीच पोरं का विकतात? चेल्सीवाल्या मित्रास पत्र

डिसेंबर २०२५

प्रिय सुध्या,

तुझं पत्र मिळालं. अर्ध्या पत्रात आपल्या चेल्सी फुटबॉल क्लबच्या मालकांना शिव्या, उरलेल्या अर्ध्यात पेपरवाल्यांना. दोघांनाही थोड्याफार लागू पडतात, त्यामुळे परत घेऊ नकोस. पण मधेच एक ओळ लिहिली आहेस : "शंभर कोटी पौंडांच्या वर खेळाडू आणतात आणि साडेतीन कोटींसाठी घरचा गॅलाघर विकतात, हा कुठला हिशोब?" त्याचं उत्तर देता येतं. हिशोब चुकलेला नाही, हेच खरं दुखणं आहे.

आधी एक गोष्ट पक्की कर. क्लबच्या वह्यांत खेळाडूची खरेदी एकदम खर्ची पडत नाही. कारखान्यात यंत्र आणलं की दरवर्षी त्यावर घसारा लावतात, तसंच इथे. जेवढ्या वर्षांचा करार, तेवढे समान भाग. एन्झो फर्नांडेझ जानेवारी २०२३ मध्ये १०.६८ कोटी पौंडांना आला, करार साडेआठ वर्षांचा. भागाकार कर : वर्षाला साधारण १.२६ कोटी. हाच करार पाच वर्षांचा असता तर २.१४ कोटी. म्हणजे केवळ कागदावरची वर्षं वाढवून दरसाल सुमारे ८८ लाखांचा भार हलका केला. असे सात-आठ करार केले की केवढी जागा मोकळी होते बघ. ही पळवाट युरोपच्या फुटबॉल संघटनेनं, यूएफानं, २०२३ च्या उन्हाळ्यात बुजवली आणि इंग्लंडच्या प्रीमियर लीगनं त्याच डिसेंबरात. आता करार आठ वर्षांचा करा नाहीतर दहा, नव्या खेळाडूची किंमत हिशोबात पाचच वर्षांत संपवायची. जुने करार मात्र तसेच चालू राहिले.

आता विक्री. विकताना नफा मोजतात तो आलेल्या रकमेतून पुस्तकी किंमत वजा करून. पुस्तकी किंमत म्हणजे घसारा लावून झाल्यावर वहीत शिल्लक राहिलेला आकडा. आणि इथेच घोडं पेंड खातं. कोबहमच्या, म्हणजे आपल्या ॲकॅडमीच्या, मैदानावर लहानाचा मोठा झालेला पोरगा कुणाकडून विकत घेतलेला नसतो, म्हणून वहीत त्याची किंमत शून्य. त्याला वाढवताना झालेला खर्च त्या त्या वर्षी लिहून टाकलेला असतो. गॅलाघर ऑगस्ट २०२४ मध्ये ॲटलेटिको माद्रिदला सुमारे ३.४ कोटींना गेला. दलाली वगैरे सोडली तर सगळाच्या सगळा नफा.

तेवढीच रक्कम बाहेरून विकत आणलेल्या मुद्रिकला लावून बघ. त्याची सुरुवातीची किंमत ६.२ कोटी, करार साडेआठ वर्षांचा, म्हणजे वर्षाला साधारण ७३ लाख. जून २०२५ पर्यंत अडीच वर्षांत १.८२ कोटी खर्ची पडले, वहीत ४.३८ कोटी शिल्लक. त्या दिवशी कुणी ३.४ कोटी देऊन त्याला नेलं असतं, तर बँकेत पैसे आले असते आणि हिशोबात जवळपास एक कोटीचा तोटा लागला असता. दोघांची किंमत सारखीच, पण एका विक्रीनं वही भरते आणि दुसरीनं फाटते. त्यात डिसेंबर २०२४ मध्ये डोपिंग चाचणीवरून मुद्रिकचं तात्पुरतं निलंबन झालं, म्हणजे विकायची सोयही गेली. लांब कराराची ही दुसरी बाजू : घसारा बारीक लागतो, म्हणून पुस्तकी किंमत हळूहळू उतरते, आणि खेळाडू बिनसला तर तो वर्षानुवर्षं गळ्यात राहतो.

म्हणून घरचाच माउंट गेला. सहाव्या वर्षापासून क्लबमध्ये होता. जुलै २०२३ मध्ये साडेपाच कोटींना (वर पन्नास लाख अटींवर) मँचेस्टर युनायटेडला दिला. त्याचा करार वर्षभराचाच उरला होता हेही खरं, पण शून्य पुस्तकी किंमत नसती तर एवढी घाई दिसली नसती, असं माझं मत. घरच्याच चालोबालाही २०२४ मध्ये उसन्यावर क्रिस्टल पॅलेसला धाडलं होतं. जानेवारीत बचावफळी लंगडी पडली तेव्हा परत बोलावला. आणि हा खेळ आपणच खेळतो असं नाही. कोल पामर आपल्याला चार कोटींना मिळाला तेव्हा आपण हसलो. मँचेस्टर सिटीच्या वहीत तो अख्खा आकडा नफा म्हणून चढला होता.

पण खरी मेख पुढे आहे, आणि पुढच्या उन्हाळ्यातही घरचंच पोरगं जाणार, असं तू जे भविष्य वर्तवलं आहेस त्याला आधार असेल तर तो इथे आहे. विक्रीचा नफा ज्या वर्षी विकला त्या एकाच वर्षात धरतात, खरेदीचा खर्च मात्र पाच वर्षांत पसरतो. ३.४ कोटींच्या नफ्याच्या जोरावर यंदा १७ कोटींचे खेळाडू आणता येतात, कारण त्यांचा पहिल्या वर्षाचा घसारा ३.४ कोटीच. पत्रकावर शून्य तोटा. पुढच्या वर्षी नफा उडालेला असतो, घसारा मात्र पुन्हा ३.४ कोटी, त्याच्या पुढच्या वर्षीही तेवढाच. (पगार मी यात धरलेलाच नाही.) म्हणजे दर उन्हाळ्याला एक नवा गॅलाघर लागतो. ॲकॅडमी कितीही चांगली असली तरी दरवर्षी एवढ्या भावाचं पोरगं पिकत नाही.

मग ते कमी पडलं की काय विकायचं? २०२२-२३ मध्ये स्टॅमफर्ड ब्रिजलगतची दोन हॉटेलं ७.६५ कोटींना विकली, मालकांच्याच दुसऱ्या कंपनीला. त्या वर्षीचा जाहीर तोटा ९.०१ कोटी, हॉटेलं वगळली तर साडेसोळा कोटींच्या वर. जून २०२४ च्या शेवटी महिला संघ वरच्या कंपनीला दिला, त्यातून जवळपास २० कोटी नफा, आणि २०२३-२४ चं पत्रक एकदम १२.८४ कोटी फायद्यात. या खिशातलं त्या खिशात. गंमत अशी की महिला संघावरचा खर्च लीगच्या हिशोबातून वजा करायची मुभा आहे, आणि विकला तेव्हा त्याची किंमत मात्र त्याच हिशोबात जमेला धरली. लीगनं २०२४ च्या उन्हाळ्यात ही वाट बंद करायचा ठराव आणला. त्याला २० पैकी १४ मतं लागतात, ती पडली नाहीत. यूएफा मात्र असे घरातले व्यवहार उत्पन्नात धरत नाही. जुलै २०२५ मध्ये आपल्याला ३.१ कोटी युरोंचा दंड झाला, तो मुख्यतः त्यामुळे. इंग्लंडात पास आणि युरोपात नापास, हे कोडं तुला पडलं होतं ना? एकच उत्तरपत्रिका, तपासणारे दोन.

नियमाचे आकडे एकदा लिहून ठेव, वादात कामी येतील. लीगमध्ये २०२५-२६ पर्यंत तीन वर्षांत मिळून तोटा १०.५ कोटींच्या आत हवा, आणि त्यातल्या दीड कोटीपुढचा मालकांनी भांडवल घालून भरून काढायचा. उधार चालत नाही. ॲकॅडमी, महिला संघ, समाजकार्य, मैदानाच्या बांधकामावरचा घसारा हे वजा होतं. म्हणून पेपरातला जाहीर तोटा बघून "मेले, आता गुण कापणार" असं लगेच ओरडू नये. चॅम्पियनशिपमध्ये, म्हणजे लीगच्या खालच्या विभागात, काढलेल्या वर्षाला मर्यादा ३.५ कोटींऐवजी १.३ कोटी.

यात तारखेला काय किंमत असते ते नॉटिंगहॅम फॉरेस्ट क्लबला विचार. त्यांची तीन वर्षांतली दोन वर्षं खालच्या विभागात गेलेली, म्हणून मर्यादा ६.१ कोटी. तोटा गेला ९.५५ कोटींवर. घरचा पोरगा ब्रेनन जॉन्सन हातात होता, म्हणजे विकला की पूर्ण नफा. ३० जूनला वर्ष संपत होतं. आधी आलेला भाव त्यांना कमी वाटला, थांबले. १ सप्टेंबर २०२३ ला, खरेदी-विक्रीची खिडकी बंद व्हायच्या दिवशी, टॉटनहॅमनं ४.७५ कोटी दिले. उत्तम भाव, पण चुकीच्या वर्षात. जास्तीचा तोटा होता ३.४५ कोटी, हीच विक्री जूनमध्ये, थोड्या कमी भावात झाली असती तरी भागलं असतं. "थांबलो म्हणूनच जास्त पैसे आले, हे शहाणपणच नाही का?" हा त्यांचा बचाव आयोगानं मानला नाही. मार्च २०२४ मध्ये चार गुण गेले. एव्हर्टनचं आधीच झालं होतं : मर्यादेपेक्षा १.९५ कोटी जास्त, नोव्हेंबर २०२३ मध्ये दहा गुण कापले, अपिलात सहा राहिले, एप्रिलमध्ये पुढच्या हिशोबासाठी आणखी दोन.

म्हणूनच जूनच्या शेवटच्या आठवड्यात बाजारात विचित्र सौदे दिसतात. २०२४ मध्ये आपण आपला मात्सेन ॲस्टन व्हिलाला ३.७५ कोटींना दिला आणि त्याच सुमारास त्यांचा केलीमन १.९ कोटींना घेतला. दोघांच्याही विक्रीत जवळजवळ सगळा नफा, दोघांचीही खरेदी पाच वर्षांत पसरलेली. फक्त फरकाची रक्कम दिली-घेतली असती तर हा चमत्कार झाला नसता. त्याच दिवसांत न्यूकॅसल-फॉरेस्ट आणि व्हिला-एव्हर्टन यांच्यातही असेच उलटसुलट व्यवहार झाले. पोराचा खेळ कसा आहे, हे विचारायची फुरसत किती जणांना होती कोण जाणे.

आता पेपरवाले. ते आपल्यावर डूख धरून आहेत, हे मला पटत नाही. त्यांना आकडा मिळतो तो कुणाकडून तरी, आणि देणाऱ्याचा त्यात स्वार्थ असतो, एवढंच. विकणारा क्लब अटींवरचे पैसे धरून मोठा आकडा सांगतो, कारण त्याला आपल्या चाहत्यांना तोंड दाखवायचं असतं. घेणारा फक्त पायाभूत रक्कम सांगतो. मुद्रिकचा आकडा एका ठिकाणी ६.२ आणि दुसऱ्या ठिकाणी ८.८५ कोटी दिसायचा, तो त्यामुळेच. दोन्ही खरे. मग चलन : युरोचा आकडा पौंड समजून वाचला की एन्झो १२.१ कोटींचा होतो. पगाराचं तर आणखी अवघड. इंग्लिश पेपर आठवड्याचा पगार लिहितात, कर कापायच्या आधीचा. इटलीतले वर्षाचा लिहितात, कर कापून हातात येणारा. दोन्ही शेजारी ठेवून "बघ, मिलान किती कमी देतं" म्हणणं म्हणजे किलोला शेरानं भागणं.

बातमी वाचताना मी एवढंच बघतो, की हे छापून आल्यानं फायदा कुणाचा. खेळाडूचा करार वर्षा-दीड वर्षात संपत असताना "तीन क्लब उत्सुक" असं आलं, तर ते बहुतेक एजंटच्या तोंडचं, पगारवाढीसाठी. किमतीचा गोल आकडा आला आणि हप्ते किती, अटी कसल्या याचा पत्ताच नसेल, तर सौदा अजून कच्चा. वैद्यकीय तपासणीचा दिवस, कराराची वर्षं आणि पुढच्या विक्रीतला हिस्सा हे तिन्ही एकत्र आलं, तर कुणीतरी कागद पाहिलाय. आणि "नेट स्पेंड" नावाचा (खरेदीतून विक्री वजा केलेला) तक्ता दिसला की पान उलट. त्यात पगार नाही, घसारा नाही, पुस्तकी किंमत नाही. गॅलाघर आणि मुद्रिक त्या तक्त्यात एकाच भावाचे.

सध्या आणखी एक गोंधळ चालू आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये लीगच्या क्लबांनी तोट्याचा हा नियमच बदलायला मत दिलं. २०२६-२७ पासून संघावरचा खर्च, म्हणजे खेळाडूंचे नि प्रशिक्षकाचे पगार, घसारा आणि एजंटांची दलाली, हे सगळं फुटबॉलच्या उत्पन्नाच्या ८५ टक्क्यांत बसवायचं. यूएफाची मर्यादा ७० टक्के आहे, म्हणजे युरोपात खेळणाऱ्याला ८५ चा काही उपयोग नाही. हॉटेलं विकून हे प्रमाण सुधारत नाही. खेळाडूंच्या विक्रीचा नफा मात्र याही गणितात येतो. त्यामुळे घरची पोरं सुटली असं समजू नकोस.

तू विचारलंस की हे सगळं बघायचं कुठे. ब्रिटनच्या कंपनी नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर, कंपनीज हाउसवर, फुकट. 'चेल्सी एफसी होल्डिंग्ज लिमिटेड' शोध, दाखल कागदपत्रांच्या यादीत जा, 'ग्रुप अकाउंट्स'ची पीडीएफ उतरव. सुरुवातीची गोडगोड पानं सोड. मागे टिपा असतात. त्यातली 'इंटँजिबल ॲसेट्स'ची टीप उघड, खेळाडू तिथेच धरतात. वर खरेदी किंमत, खाली आजवरचा घसारा, शेवटी शिल्लक, सगळं एका तक्त्यात. मग 'ताळेबंदानंतरच्या घटना' ही टीप, उन्हाळ्यातले सौदे तिथे सापडतात. नंतर वरची कंपनी 'ब्लूको २२ लिमिटेड' हिचे हिशोबही काढ, कारण कर्ज आणि हॉटेलं तिकडे सरकली आहेत. फक्त क्लबचं पत्रक वाचणं म्हणजे स्वयंपाकघर बघून घराची किंमत करणं.

जून २०२५ ला संपलेल्या वर्षाचे हिशोब दाखल करायची मुदत ३१ मार्च २०२६ आहे. आले की आधी बातम्या वाचू नकोस, ती टीप उघड आणि वर्षभराच्या घसाऱ्याचा आकडा मला कळव. त्यावरून पुढच्या जूनमध्ये किती किमतीचं पोरगं विकावं लागेल, ते आपण दोघं मिळून काढू. तुझा अंदाज चालोबा, हे मला आत्ताच माहीत आहे.

वहिनींना नमस्कार, चिरंजीवांना आशीर्वाद. त्याला सिटीचा शर्ट घेऊन दिलास असं ऐकतो, त्यावर वेगळं पत्र लिहीन.

तुझा,
विन्या