काका, टाकी वर्षाची झाली

आदरणीय काका,
साष्टांग नमस्कार.

तुमचे समोरासमोर आभार मानायला गेलं की तुम्ही लगेच "नायट्रेट किती आलंय?" असं विचारून विषय बदलता. म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय. माझ्या समुद्री माशांच्या टाकीसाठी तुम्ही काय केलंत ते चार लोकांना कळलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत मी एकाच संध्याकाळी सगळं घेऊन आले होते. दोन फुटी टाकी, फिल्टर, मिठाची पिशवी, वाळू आणि चार मासे. "मीठ घाला, तासभर पंप चालवा आणि सोडा मासे," असं दुकानात सांगितलं होतं. पाचव्या दिवशी सकाळी शेवटचा मासा वाळूवर आडवा झालेला माझ्या लेकीने पाहिला. नऊ वर्षांची पोर, शाळेची बस येईपर्यंत एक अक्षर बोलली नाही. त्या रविवारी वॉचमनला हाताशी घेऊन मी टाकी भंगारात द्यायला खाली नेत होते, तर लिफ्टपाशी तुम्ही उभे. काचेच्या कडेला वाळलेलं पांढरं मीठ तुम्ही नखाने खरवडलंत आणि म्हणालात, "टाकी वर ने. उद्या सकाळी येतो."

आणि खरंच आलात. आमची ओळख तोवर फक्त गणपतीच्या वर्गणीपुरती होती.

तुम्ही आधी आमच्या आरओचं पाणी टीडीएस मीटरने, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या यंत्राने मोजलंत. ४२ आलं. पुढे उरलेले क्षार शोषणारं रेझिनचं भांडं जोडायला लावलंत, तेव्हा आकडा शून्यावर आला. मग समुद्री मीठ: १० लिटरला साधारण ३५० ग्रॅम, बादलीत छोटा पंप सोडून रात्रभर फिरवायचं आणि सकाळी घनता मोजायची. स्वयंपाकाचं मीठ का चालत नाही, हेही समजावलंत. समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बरंच काही असतं, ते सगळं पाण्यात असावं लागतं. तुमचा रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे पाण्याचा खारेपणा दाखवणारी नळी, खिडकीकडे धरून मी पहिल्यांदा डोळा लावला, तेव्हा निळ्या-पांढऱ्याच्या मधली रेघ बरोबर १.०२५ वर होती. तो तुम्ही माझ्याकडेच ठेवलात. "टाकी वर्षाची झाली की परत दे."

वाळू आणि सुके खडक रचून झाल्यावर मी विचारलं, मासे कधी आणायचे? तुम्ही फ्रीजमधली एक कच्ची कोळंबी मागितलीत आणि पाण्यात टाकलीत. आमच्या घरात कोळंबी खिचडीत जाते, टाकीत सडायला नाही. सासूबाई बघतच राहिल्या. पण तिथेच मला पहिल्यांदा कळलं की माझे चार मासे कशाने गेले. माशांची विष्ठा, उरलेलं खाणं, सडणारी कोळंबी यांतून अमोनिया सुटतो, तो विषारी. एक प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात, ते माशांना बरंच सोसतं. हे जिवाणू खडकांवर, वाळूत आणि फिल्टरमध्ये वस्ती करतात आणि त्यांना जमायला आठवडे लागतात; कोळंबी त्यांच्याच खुराकासाठी होती. माझ्या पहिल्या टाकीत ते जवळजवळ नव्हतेच. पाणी नितळ दिसत होतं, म्हणून मी निर्धास्त होते.

सहा आठवडे आमच्या हॉलमध्ये नुसतं पाणी आणि दगड. येणारा-जाणारा विचारायचा, मासे कुठायत? लेक रोज सकाळी टेस्ट किटची नळी पांढऱ्या कागदासमोर धरून वहीत रंग लिहायची. अमोनिया हिरवा, हिरवा, गडद हिरवा. मग तो पिवळा व्हायला लागला आणि नायट्राइट जांभळा झाला. दगडांवर तपकिरी शेवाळ आलं तेव्हा मी घाबरून रात्री साडेनऊला तुमची बेल वाजवली. तुम्ही जेवणावरून उठून आलात, बघितलंत आणि म्हणालात, "छान चाललंय, काही करू नकोस." सहाव्या आठवड्यात एका सकाळी अमोनियाची नळी पिवळी आणि नायट्राइटची आकाशी आली, म्हणजे दोन्ही शून्य. लेक वही घेऊन अनवाणीच तुमच्याकडे धावली होती, आठवतंय?

तिला केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेले क्लाउनफिश हवे होते. तुम्ही हॅचरीत, म्हणजे पैदास केंद्रात वाढवलेलीच पिल्लं आणायला लावलीत. समुद्रातून पकडलेला मासा प्रवासातच निम्मा संपतो, असं तुम्ही म्हणालात. आपल्याकडे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनफिशची पैदास यशस्वी केली आहे, हेही तेव्हाच कळलं. एकाने मला समुद्री घोडा देऊ केला होता, स्वस्तात. तो तुम्ही किती कडक शब्दांत थांबवलात! समुद्री घोडे आणि प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहेत, हे मला ठाऊकच नव्हतं. तुम्ही नसतात तर मी अजाणता गुन्हा करून बसले असते.

पण सर्वांत जास्त आभार त्या प्लास्टिकच्या टबसाठी. दोन्ही पिल्लं आधी तीन आठवडे तुमच्या घरी, बाल्कनीशेजारच्या टबमध्ये राहिली. अंगावर रोगाचे पांढरे ठिपके येतात का, श्वास जोरात घेतात का, खातात का, हे तुम्ही रोज बघत होतात. काकू सांगत होत्या की रात्री उठलात तरी टॉर्च मारून बघायचात. परक्याच्या घरच्या बोटभर माशांसाठी!

ती आमच्याकडे आली तेव्हा तुम्ही एअर पंपच्या नळीला गाठ मारलीत आणि नव्या पाण्याची हळूहळू सवय व्हावी म्हणून टाकीतलं पाणी टोपातल्या माशांवर थेंबथेंब सोडलंत. दीड तास आपण दोघं स्टुलावर बसून थेंब बघत होतो. फार बोललोही नाही.

मे महिन्यात पाणी ३१ अंशांवर गेलं, तेव्हा तुमच्या सांगण्यावरून वर पंखा लावला. उतारा पडला, पण रोज लिटरभर पाणी उडायला लागलं आणि मी ते खाऱ्या पाण्याने भरत राहिले. आठ-दहा दिवसांत घनता १.०२८. मासे कोपऱ्यात जाऊन बसले. उडतं ते नुसतं पाणी, मीठ मागेच राहतं. ही साधी गोष्ट तुम्ही एका वाटीत मीठपाणी उन्हात ठेवून लेकीला दाखवलीत, मला न रागावता. काचेवर तुम्ही चिकटवलेली टेपची पट्टी अजून आहे. तिथपर्यंत रोज आरओचं गोडं पाणी, दर रविवारी १० लिटर बदल. एकदाही चुकवलेलं नाही.

आता दोघांतली एक मोठी झालीय. लहान तिच्यासमोर आला की तिरका होऊन अंग थरथरवतो आणि मग बाजूला होतो. तुम्ही सांगितलं होतंत तसंच: क्लाउनफिश आधी सगळे नर, जोडीतला वरचढ असतो तो मादी होतो. लेकीने वहीत तारीख घालून लिहून ठेवलंय. गेल्या आठवड्यापासून ती दोघं एकाच दगडाचा एक तळहाताएवढा भाग तोंडाने साफ करताहेत. ही अंडी घालायची तयारी आहे का, ते तुम्ही बघाल तेव्हाच नक्की सांगाल, आम्ही काही बोलत नाही.

पुण्याला मुलीकडे गेल्यापासून तुम्हाला इकडे येणं जमत नाही, म्हणून आम्हीच येतोय. येत्या शनिवारी, दुपारच्या गाडीने. लेक वही आणणार आहे, दगडाचे फोटोही. रिफ्रॅक्टोमीटर गोड्या पाण्याने धुऊन, तुमच्याच त्या मऊ फडक्याने पुसून डबीत ठेवलाय. डिस्टिल्ड वॉटर घालून रेघ शून्यावर येते, कालच बघितलं.

तुमची,
बी विंग, चौथा मजला