टीडी झालं, टीडॅप राहिलं

लेस्टर, 9 नोव्हेंबर 2025

चि. मुक्तास अनेक आशीर्वाद, ती. आई-बाबांना सा. न.

तुझ्या गरोदरपणाच्या लसीकरण कार्डाचा फोटो पाहिला. टीडी-1, म्हणजे धनुर्वाताच्या इंजेक्शनच्या पहिल्या डोसापुढे पुण्याची तारीख आहे, टीडी-2 चा रकाना कोरा. माहेरी येण्याच्या गडबडीत दुसरा डोस असाच सुटतो. पुण्याच्या सिस्टरला वाटतं नाशिकला घेईल, नाशिकच्या सिस्टरला वाटतं पुण्यातच झाला असेल. या वेळी मात्र तो कोरा रकाना तुझ्या पथ्यावर पडलाय. तिथे टीडीऐवजी टीडॅप घे.

आई म्हणेल, धनुर्वाताचं मनपाच्या दवाखान्यात फुकट मिळतं, मग हे कशाला? टीडीत धनुर्वात आणि घटसर्प एवढंच असतं. डांग्या खोकल्यापासूनचं संरक्षण टीडॅपमध्येच. बाळाला स्वतःचं पेंटाव्हॅलंट, म्हणजे डांग्या खोकल्यावरची लसही ज्यात असते ते इंजेक्शन, सहाव्या आठवड्याला सुरू होणार, तोवर त्याची सगळी भिस्त तुझ्या वारेतून गेलेल्या प्रतिपिंडांवर, म्हणजे अँटीबॉडीजवर. आणि तान्ह्या बाळाचा डांग्या खोकला ओळखू येईलच असं नाही. कधी खोकला नसतोच. श्वास मध्येच थांबतो, ओठ निळे पडतात. इथे इंग्लंड-वेल्समध्ये 2012 साली साथ आली, 14 तान्ही बाळं गेली. त्याच ऑक्टोबरपासून गरोदर बायकांना ही लस द्यायला लागले. इथे ती 16 आठवड्यांपासूनच देतात, अपुऱ्या दिवसांच्या बाळांनाही उपयोग व्हावा म्हणून.

आपल्याकडचे स्त्रीरोगतज्ज्ञ 27 ते 36 आठवडे सांगतात. आठवडे सोनोग्राफीच्या रिपोर्टवरून धर, बोटांवर महिने मोजू नकोस. चार आठवड्यांचा महिना धरला की 27 म्हणजे पावणेसात वाटतात, प्रत्यक्षात सहा पूर्ण होऊन जेमतेम आठवडा झालेला असतो. टोचल्यावर तुझ्या अंगात प्रतिपिंडं तयार व्हायला साधारण दोन आठवडे, मग ती बाळाकडे जाणार. म्हणून डोहाळजेवण उरकलं की लगेच जा, नववा लागायची वाट नको. पुढच्या बाळंतपणाला पुन्हा घ्यावी लागते, कारण प्रतिपिंडं उतरतात.

सरकारी कार्यक्रमात टीडॅप नाही, त्यामुळे खाजगीत हजाराच्या वर जातील. बाबांनी ती मेडिकलमधून आणून घरच्या फ्रिजमध्ये ठेवायची नाही, हे ठणकावून सांग. लस 2 ते 8 अंशांत राहायला हवी. बर्फाच्या कप्प्याला लागून गोठली तर लसीचा जोर वाढवायला त्यात घातलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या गुठळ्या होतात, लस निकामी. वितळल्यावर वरून चांगली दिसेल, तरी टाकूनच द्यायची. गंगापूर रोडच्या तुझ्या डॉक्टरांनाच मागवायला सांग, एक्सपायरी डोळ्यांनी बघ. अर्धा मिली, दंडात. नंतर अर्धा तास तिथेच बस. कार्डावर नाव, तारीख आणि बॅच नंबर लिहून घेतल्याशिवाय उठू नकोस, नुसतं ‘इंजे. दिले’ असं लिहिलेलं पुढे कुणाच्याच कामाचं नसतं.

दंड दोन दिवस दुखेल, चोळू नकोस. कणकण आली तर पॅरासिटामॉल चालतं. ब्रुफेन नको, आईच्या डब्यातली कुठलीही गोळी नको. ताप दोन दिवसांहून लांबला तर तो लसीच्या माथी मारून घरी बसू नका. डेंग्यू, लघवीचा संसर्ग, सगळं तपासून घ्यायचं.

फ्लूची लस त्याच दिवशी दुसऱ्या दंडात घेता येते. इंजेक्शनचीच, नाकात फवारायची नाही, ती जिवंत विषाणूची असते. त्याच कारणाने गोवर-रुबेला आणि कांजिण्यांच्या लसी गरोदरपणात वर्ज्य. राहिल्या असतील तर बाळंतपणानंतर घे, अंगावर पाजत असलीस तरी चालतं.

जन्मल्यावर बाळाला बीसीजी, पोलिओचे थेंब आणि 24 तासांच्या आत हिपॅटायटिस बी. हे शेवटचं सुटीच्या दिवशी राहून जातं, दवाखान्यात आधीच विचारून ठेव. बारशाला खोकणारं कुणी आलं तर पाळण्यापाशी जाऊ द्यायचं नाही, मग ती मोठी आत्या का असेना. वाईटपणा आईने घ्यावा, ते तिला छान जमतं.

टीडॅप झालं की कार्डाचं ते पान पाठव.

तुझी,
ताई