मावशींच्या कागदावरची सही

प्रिय शुभे,

चार महिने फोन नाही, पत्र नाही. रागावली असशील तर बरोबरच आहे. माझा गुडघा तसाच, बाकी ठीक.

काल नाइटला वॉर्ड शांत होता, म्हणून हॅरिएट टबमनबद्दल वाचत बसले. गुलामांना पळवून सोडवणारी म्हणून ती आपल्याला माहीत. पण अमेरिकेच्या यादवी युद्धात ती साउथ कॅरोलिनात नर्सही होती, हे मला ठाऊकच नव्हतं. दिवसभर जखमा धुवायच्या, हगवणीच्या रुग्णांना मुळ्यांचा काढा पाजायचा आणि रात्री आल्याचा केक भाजून विकायचा, कारण ठरलेला पगारच नव्हता.

युद्ध संपल्यावर मोबदला मागितला तर नेमणुकीचा कागद कुठाय? परराष्ट्रमंत्री सेवर्ड यांनी शिफारस केली, तरी काही झालं नाही. ती राहायची त्या ऑबर्न गावच्या चार्ल्स वुडने तिच्या कामाची सगळी हकीकत लिहून काढली. 1898 मध्ये तिने तीन वर्षांच्या कामाचे 1800 डॉलर मागितले, तेव्हा वुड हयात नव्हता. त्याचे कागद मात्र तिच्या प्रतिज्ञापत्राला जोडलेले होते! 1899 मध्ये संसदेने तिच्या एकटीसाठी कायदा केला. नवऱ्यामागे मिळणारी महिना 8 डॉलरची पेन्शन 20 झाली. वरचे 12 म्हणजे तेव्हाच्या नर्सच्या पेन्शनइतके. सत्तरी उलटली होती गं तिची.

वाचता वाचता आपल्या ट्रेनिंगच्या वेळच्या वॉर्डातल्या मावशी डोळ्यांसमोर आल्या. तुला नाही सांगायचं तर कुणाला सांगू? बाईच्या पोटावर नुसता हात ठेवून म्हणायच्या, "सिस्टर, डॉक्टरांना उठवा, आता वेळ नाही." एकदा तरी चुकल्या का? आणि बावीस वर्षं रोजंदारीवर. मस्टरवर नाव नाही.

त्यांनी आपल्याकडे काम केल्याचा सहीचा कागद मागितला, तेव्हा तू तो डब्याच्या झाकणावर ठेवून सही केलीस. मी म्हणाले, मेट्रनला कळलं तर? तू मला भित्री म्हणालीस आणि आठवडाभर आपण बोललो नाही. त्या भांडणात मी तुझ्यावर शेव चोरल्याचाही आळ घेतला. (शेव तूच खाल्ली होतीस, हे मी अजून सोडलेलं नाही.) पण सहीचं तुझं बरोबर होतं, शुभे. तो कागद मागताना मावशींचा हात थरथरत होता, ते मी पाहिलं होतं, आणि तरी पेन खिशातच ठेवलं. एवढी वर्षं ते गिळून बसले.

मावशी अजून मिरजेला भाचीकडेच आहेत ना? तब्येत कशी आहे? तो कागद कुणाकडे आहे? कामगारांचे खटले चालवणारा तुझा तो मामेभाऊ अजून भेटतो का? आता उपयोग होईल की नाही ते त्याला विचार. पण मला मावशींच्या कामाची हकीकत लिहायचीय, सविस्तर, तारखांसकट.

चिनूची दहावी कशी चाललीय? नव्या घरात पाणी येतं का? सासूबाईंना नमस्कार.

ट्रेनिंगच्या वेळची माझी निळी डायरी सापडली आहे. त्यात प्रत्येक नाइटला सोबत कोण होतं ते लिहिलंय. पानापानावर 'मावशी' आहे. त्यांचं पूर्ण नाव आणि गाव लगेच कळव, रविवारी लिहायला बसते.

तुझी,
मंगल