रेडबड फुललाय, माणसं येऊ लागलीत

हॉट स्प्रिंग्ज, नॉर्थ कॅरोलायना
५ एप्रिल

प्रिय शैला,

तुझ्या पत्रात गुडघ्याच्या दुखण्याचं वाचून जीव हळहळला. पण टेकडीवर चालायला जाणं सोडलं नाहीस, हे फार बरं केलंस.

इकडे रेडबड फुललाय. आपल्या कांचनाच्याच कुळातला. पानाचा पत्ता नाही, आणि फणस लगडावा तशी गुलाबी-जांभळी फुलं थेट खोडातून फुटलीत! काल ओढ्याकाठी ब्लडरूट दिसलं. एकच पान, देठाभोवती शालीसारखं लपेटलेलं, त्यातून डोकावणारं एक पांढरंशुभ्र फूल. दोन-तीन दिवसांत पाकळ्या गळतात. वरच्या झाडांची सावली पडायच्या आत या रानफुलांना सगळं उरकायचं असतं गं. अर्धा तास उकिडवी बसून बघत होते.

आणि याच दिवसांत डोंगरावरून माणसं उतरू लागतात. ॲपलेचियन ट्रेल ही लांबच लांब पायवाट आमच्या मुख्य रस्त्यावरूनच जाते, फूटपाथमध्येच तिच्या खुणा बसवल्यात. जॉर्जियातून निघून सुमारे ४४० किलोमीटर चालून ही मंडळी इथे पोचतात. पुढे उत्तरेला मेन राज्यापर्यंत जायचं, एकूण ३,५०० किलोमीटर. वाटेतल्या मॅक्स पॅच डोंगरावर, १,४०० मीटरवर, झाडं अजून उघडीबोडकी. आमचं गाव जेमतेम ४०० मीटरवर. म्हणजे दोन दिवसांत ती हिवाळ्यातून वसंतात उतरतात. पहिला रेडबड दिसला की चालता चालता थबकतात.

२०२४ च्या सप्टेंबरात हेलीन वादळात स्प्रिंग क्रीकचं पाणी याच रस्त्यावर शिरलं होतं. दुकानांत चिखल, पाचशे वस्तीचं गाव सुन्न. पुढच्या वसंतात पहिली सॅक रस्त्यावर दिसली तेव्हा मला रडू आलं होतं.

परवा एक साठीचे गृहस्थ ओट्यावर टेकले. टाचेला फोड, बूट काढलेले. वजन नको म्हणून टूथब्रशचा दांडासुद्धा अर्धा कापलेला! मी शेंगदाण्याचे दोन लाडू दिले. एक तिथेच संपवला. दुसरा तळहातावर तोलून पाहिला, कागदात गुंडाळला आणि सॅकच्या वरच्या कप्प्यात ठेवला. म्हणाले, "हा उद्या लव्हर्स लीपच्या चढावर." सकाळी नदीचा पूल ओलांडताना पाठमोरे दिसले, थोडे लंगडत.

हरिश्चंद्रगडावरून उतरताना तू म्हणाली होतीस, एकदा महिनाभर नुसतं चालायचं. महिना राहू दे. पुढच्या एप्रिलमध्ये ये, गुडघ्याला झेपेल तेवढं नदीकाठाने चालू. ब्लडरूट कुठे उगवतं ती जागा मी बघून ठेवलीय.

तुझी,
मंदा